ताईची मॅडम

"मॅडम, तुम्ही आधी अ‍ॅडमिनला होतात ना? मग एचआरमध्ये कशा आलात? एमबीए केलंत का?" महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच, बहुतेकदा रिसेप्शनवर नाहीतर स्टोअरमध्ये बसणाऱ्या मुली. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

एमबीए नाही केलं. बी.कॉम. झाले आणि २००९मध्ये भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अ‍ॅडमिन असिस्टंट म्हणून लागले. अ‍ॅडमिन म्हणजे ज्या कामाला दुसरा कुणी वाली नाही ते सगळं. कामगारांच्या बस, कँटीनची कुपनं, युनिफॉर्मची मापं, सेफ्टी शूज, पाण्याचे जार, झाडूवाल्या मावशी आल्या नाहीत तर त्याची बोंब. सगळे मला ताई म्हणत.

गोष्ट सुरू झाली ती ताटांपासून. एका लेबर ठेकेदाराच्या मस्टरवर रोज ६२ माणसं हजर. कँटीनवाल्याच्या वहीत मात्र त्यांची ताटं ५४. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, "आठ जण घरून डबा आणतात, ताई." आणत असतील बाबा. पण हे आठ जण बसच्या यादीतही नव्हते, आणि त्यांच्या मापाचे बूट माझ्याकडून कधी गेलेच नव्हते. सेफ्टी शूजशिवाय आमच्या प्रेस शॉपच्या दारातून कुणाला आत सोडत नसत. तिन्ही वह्या एचआर मॅनेजरांच्या टेबलावर शेजारीशेजारी उघडून ठेवल्या. त्यांनी बोट ठेवत ठेवत नावं ताडून पाहिली आणि म्हणाले, "पगाराचं काम शिकशील का?"

लगेच बदली वगैरे झाली नाही. सहा महिन्यांनी त्यांचा एक्झिक्युटिव्ह नोकरी सोडून गेला आणि १५ तारीख तोंडावर आली. पीएफचा भरणा १५च्या आत झाला नाही तर व्याज आणि दंड. तीन संध्याकाळी बसून मी ती फाइल केली. कामगाराचे १२ टक्के, कंपनीचे १२. कंपनीच्या हिश्शातले ८.३३ पेन्शनला. पेन्शनसाठी पगाराची एक कमाल मर्यादा धरतात, ते गणित तर पाठच झालं. पुढचं दीड वर्ष काम एचआरचं, पद अ‍ॅडमिनचं आणि पगार जुनाच. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते.

मधल्या काळात पुणे विद्यापीठाचा कामगार कायद्यांचा डिप्लोमा केला. आमच्याकडे त्याला डीएलएल अँड एलडब्ल्यू म्हणतात. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरी संपताना दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबाने मिळणारी रक्कम. ती काढताना पगाराला ३० ऐवजी २६ने का भागायचं, हे तिथे कळलं. साप्ताहिक सुट्ट्या सोडून महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणून. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १८,२०० असेल तर एका दिवसाचे ७००, पंधरा दिवसांचे १०,५००. ११ वर्षं नोकरी झाली असेल तर १,१५,५००. हे गणित मी निवृत्त होणाऱ्या माणसाला त्याच्यासमोर कागदावर करून दाखवते. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ला जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि माझी डिप्लोमाची निम्मी टिपणं रद्दीत गेली, ते वेगळं.

अ‍ॅडमिन आणि एचआर या दोन्ही कामांत फरक काय, हे मला एका ज्ञानेश्वरने शिकवलं. त्याच्या आधारवर इंग्रजीत नाव डी-एन-वाय असं सुरू होत होतं आणि आमच्या टाइम ऑफिसने (हजेरी ठेवणाऱ्या विभागाने) पीएफला कळवलेलं जी-वाय असं. आपल्या 'ज्ञ'ने किती जणांना रडवलंय, देव जाणे. मुलीच्या लग्नासाठी त्याला पीएफचा अ‍ॅडव्हान्स हवा होता. दोन नावं जुळेनात, म्हणून ऑनलाइन अर्ज पुढे सरकेना. जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कामगार आणि कंपनी दोघांनी मिळून करायचा दुरुस्तीचा अर्ज, भरला, कंपनीची सही-शिक्का, सोबत शाळेचा दाखला. पैसे आले ते लग्नानंतर अकरा दिवसांनी. तोवर त्याने पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. अ‍ॅडमिनमध्ये चूक झाली तर चुकीच्या मापाचा बूट जायचा, दुसऱ्या दिवशी बदलून द्यायचे. इथे एका अक्षरापायी त्याचे हप्ते सुरू झाले. तेव्हापासून नवीन माणूस रुजू झाला की मी त्याचं आधार समोर ठेवून एकेक अक्षर मोठ्याने वाचते. पोरं हसतात.

तेव्हा ज्यांना एचआरमध्ये यायचंय त्यांनी कोर्सची चौकशी जरूर करावी, पण आधी आपल्याच टेबलावरच्या वह्या बघाव्यात. बसची यादी, कँटीनचा हिशेब, गेटपास. कोण कधी येतं, कुणाची नाइट शिफ्ट सतत लागते, कोण दर सोमवारी गायब असतं, ते तुम्हाला एचआरच्या आधी दिसतं. एक्सेल मात्र यायलाच हवं, त्याला इलाज नाही.

आणि एक किंमत आहे. एचआरला गेल्यावर महिन्याभरात कँटीनमध्ये माझ्या टेबलावरच्या गप्पा आटल्या. चिंचवडच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा एक ऑपरेटर होता. बायकोची मानसोपचाराची ट्रीटमेंट चालू आहे, हे त्याने एकदा बसमध्येच हळू आवाजात सांगितलं होतं, कुणाला कळता कामा नये म्हणून. दीड वर्षाने त्याच्या विनापरवानगी गैरहजेरीची शो-कॉज नोटीस माझ्या हातून निघाली. कारण मला माहीत होतं. पण ते सांगितलेलं ताईला. मॅडमने फाइलमध्ये कसं लिहायचं? खुलाशात त्याने 'वैयक्तिक अडचण' एवढंच लिहिलं, आणि मीही त्यावर काही जोडलं नाही. साहेबांना रजा मंजूर करून घ्या म्हणून तोंडी सांगून पाहिलं, ते ऐकले नाहीत. चार दिवसांचा पगार कापला आणि वॉर्निंग लेटर गेलं.

लेटर घ्यायला तो केबिनमध्ये आला. खुर्ची पुढे केली तरी बसला नाही. पोचपावतीवर सही केली, पेन टोपण लावून परत दिलं आणि विचारलं, "बसचं आता कोण बघतं, मॅडम?"