पखवाजाच्या रियाजाची तिसरी नोंद : चौताल, सप्ताह आणि दिंडी

मागील नोंद मी दिवाळीच्या सुमारास लिहिली होती. तेव्हा चौताल या बारा मात्रांच्या तालाचा ठेका (तालाचे ठरलेले बोल) 40 च्या लयीत, म्हणजे मिनिटाला 40 मात्रा, दहा मिनिटे न ढळता वाजवणे एवढेच माझे उद्दिष्ट होते आणि वाईतील आमच्या भजनी मंडळात मी अजून टाळच धरत होते. त्यानंतरच्या नऊ महिन्यांत माघातील हरिनाम सप्ताहात पहिल्यांदा कीर्तनाला साथ केली, त्याच सप्ताहात एक पुडी (वाद्याच्या तोंडावरचे चामडे) फाटली, आषाढात गळ्यात पखवाज अडकवून लोणंद ते तरडगाव ही वाट दिंडीसोबत चालले आणि श्रावण लागल्यापासून धमार या चौदा मात्रांच्या तालाचा पाठ सुरू केला. पखवाज किंवा मृदंग शिकणाऱ्या सर्वांना उपयोगी पडेल या हेतूने, जे जे हाताला नव्याने कळले ते येथे जरा विस्ताराने नोंदवत आहे.

माझा रियाज दोन ठिकाणी चालतो. सकाळी पाऊण तास गुरुजींनी दिलेला ध्रुपद (जुनी, गंभीर शास्त्रीय गायकी) अंगाचा पाठ असतो, त्यात चौताल, दहा मात्रांचा सूलताल, परणी (बोलांच्या बांधलेल्या रचना) आणि थोडा रेला (जलद बोलांची सलग मालिका) येतो. संध्याकाळी आठवड्यातून तीन दिवस मंडळात हरिपाठ आणि भजन असते, तिथे बहुतेक वेळ आठ मात्रांचा भजनी ठेका चालतो. सुरुवातीला दोन्हीकडच्या जाणत्यांनी मला वेगवेगळ्या शब्दांत एकच इशारा दिला होता की दोन दरडींवर पाय ठेवू नये. भजनात वाजवल्याने बोटांची सफाई जाते, असे एका बाजूचे म्हणणे होते, तर शास्त्रात अडकले की भजनातला भाव आटतो, असे दुसऱ्या बाजूचे. वर्षभरानंतर मला दोन्ही इशारे चुकीचे वाटतात, आणि या नोंदीतील बहुतेक मजकूर त्यामागची कारणे सांगण्यासाठीच आहे.

वाई-साताऱ्याच्या माणसाने तर हा भेद मानण्याचे काहीच कारण नाही. वाईजवळचे बावधन म्हटले की आपल्याकडे सर्वांना भैरवनाथाचे बगाड आठवते, परंतु एकोणिसाव्या शतकात ज्यांच्या नावाने पखवाजाचे एक स्वतंत्र घराणे उभे राहिले ते नाना पानसे याच बावधनचे. परंपरेत असे सांगतात की त्यांच्या वादनाची सुरुवात कीर्तनाच्या साथीतून झाली, पुढे काशीला बाबू जोधसिंगांकडे त्यांनी विद्या घेतली आणि नंतर ते इंदूरच्या होळकर दरबारात स्थिरावले. पखवाजाच्या दुसऱ्या, कुदऊसिंग घराण्याचा बाज (वादनाची शैली) जोरकस, तर पानसे घराण्याचा बाज गोड आणि स्वच्छ, असे जाणकार म्हणतात. हा गोडवा कोठून आला असावा याचा मी माझ्यापुरता विचार करते, तेव्हा मला वाटते की ज्याने लहानपणी कीर्तनकाराच्या शब्दाखाली हात दाबून वाजवले, त्याचा हात आयुष्यभर शब्दाला जागा ठेवूनच पडणार. हे माझे अनुमान आहे, पण साथीला बसू लागल्यापासून ते अधिकच पटू लागले आहे.

आता कणकेविषयी. नव्याने शिकणाऱ्यांचा सर्वाधिक गोंधळ इथे होतो आणि माझाही झाला. डाव्या अंगाच्या पुडीवर, म्हणजे धुम्यावर, ओली कणीक लावल्याशिवाय पखवाजाचा खर्ज उभा राहत नाही. मी पहिले कित्येक महिने पोळीसाठी मळलेल्या कणकेतलाच एक गोळा घेत होते. तो घट्ट असल्याने चामड्याला नीट धरत नसे आणि जोराची थाप पडली की एका कडेने सुटून येई. आता मी चाळलेले पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल भिजवते, अर्धा तास झाकून ठेवते, पुडीच्या मध्यावर आधी पाण्याचे बोट फिरवते, मग कणकेचा अगदी पातळ थर अंगठ्याने चोळून बसवते आणि त्यावर उरलेली कणीक थोडी थोडी वाढवत जाते. प्रत्येक भरीनंतर थाप देऊन तंबोऱ्याच्या षड्जाशी मिळवून पाहायचे. उजव्या पुडीच्या षड्जाच्या बरोबर खालच्या सप्तकात डावा बोलू लागला की थांबायचे. वाजवता वाजवता कणीक सुकते आणि स्वर चढू लागतो, म्हणून शेजारी पाण्याची वाटी हवीच. रियाज संपल्यावर मात्र ती पूर्ण खरवडून काढून पुडी कोरड्या फडक्याने पुसावी, एक दिवसही तशीच ठेवू नये, कारण ओल राहिली की चामडे कुजते आणि उंदीर येतात.

ही कणीक मळताना मला दर वेळी भरताच्या नाट्यशास्त्रातील अवनद्ध, म्हणजे चामड्याने मढवलेल्या, वाद्यांचा अध्याय आठवतो. स्वाती नावाचा मुनी पाणी आणायला सरोवरावर गेला असता पाऊस सुरू झाला, कमळाच्या लहान, मध्यम आणि मोठ्या पानांवर पडणाऱ्या धारांचे निरनिराळे नाद त्याने लक्षपूर्वक ऐकले आणि त्यावरून पुष्कर वाद्ये घडवली, अशी कथा भरताने दिली आहे. त्याच अध्यायात वाद्याच्या तोंडावर नदीकाठच्या काळ्या मातीचा लेप देण्याचे सांगितले आहे. मृदंग या शब्दातच माती आहे. मातीची जागा कणकेने घेतली, पण वाजवण्याआधी ओल्या हाताने वाद्याचा स्वर घडवायचा हे काम तसेच राहिले. वाईला कृष्णेच्या घाटावर पहाटे बसले की तो लेप कसा दिसत असेल याची कल्पना सहज करता येते.

सकाळच्या पाठातील प्रगती थोडक्यात सांगते. चौतालाचा ठेका, धा धा दिं ता किट धा दिं ता तिट कत गदि गन, आता 56 च्या लयीत स्थिर आहे आणि दुगुणीत (दुप्पट वेगात) गेल्यावर ‘किट’ घसरत नाही. चौगुणीत अजून घसरतो. सूलताल समाधानकारक आहे. गणेश परण तोंडी पूर्ण पाठ आहे, हातात दोन तृतीयांश बसली आहे. या परणीबद्दल एक सांगितले पाहिजे. स्तुतीचे शब्द आणि पखवाजाचे बोल एकमेकांत गुंफलेले असल्याने पढंत करताना, म्हणजे बोल तोंडाने म्हणताना, आपण देवाचे नाव घेत आहोत की मात्रा मोजत आहोत, हे वेगळे काढताच येत नाही. गुरुजी ही परण शिष्याला बाप्पासमोर बसवूनच देतात.

या नऊ महिन्यांत मला सर्वांत जास्त आनंद देणारी गोष्ट मात्र एका अगदी साध्या तिहाईने, म्हणजे तीनदा घेऊन समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) संपवायच्या तुकड्याने दिली. ‘तिट कत गदि गन धा’ हा तुकडा तीनदा म्हणायचा, प्रत्येक बोलाला एक मात्रा. शेवटचा धा समेवर पडायचा असल्याने त्याच्या आधी पाच, पाच आणि चार अशा चौदा मात्रा जातात. चौताल बारा मात्रांचा, म्हणजे ठाय लयीत (मूळ, संथ वेगात) ती अकराव्या मात्रेवरून उचलावी लागते, तेव्हा दोन मात्रा या आवर्तनातल्या आणि बारा पुढच्या मिळून हिशोब पुरा होतो. दुगुणीत तीच तिहाई सात मात्रांची होते, म्हणून सहाव्या मात्रेवरून उचलायची. एवढे गुरुजींनी वहीत लिहून दिले होते. माघात एका संध्याकाळी मंडळात भजनी ठेका वाजवत असताना माझ्या मनात आले की आठ मात्रांत सात मात्रांची तिहाई बसवायची तर ती दुसऱ्या मात्रेवरूनच निघेल. अभंगाचे ध्रुवपद संपता संपता तशी उचलली आणि टाळकऱ्यांचा टाळ आणि माझा धा एकाच क्षणी समेवर पडला. नंतर श्रावणात धमार सुरू झाला, तेव्हा लक्षात आले की धमार मुळातच चौदा मात्रांचा, म्हणजे तिथे हीच तिहाई ठाय लयीत समेवरून निघून समेवरच येते. गाभाऱ्यासमोर, ध्रुपदाच्या बैठकीत आणि होरी-धमारात बोल तेच, हातही तोच. फरक फक्त कोठून उचलायचे याचा. शिकणाऱ्यांनी हे तिन्ही तालांत एकदा स्वतः टाळी देऊन करून पाहावे, वाचून त्यातली गंमत येत नाही.

सप्ताहाची हकिकत आता. माझा पखवाज उजव्या तोंडाला साडेसहा इंचांचा, सकाळच्या रियाजासाठी काळी एकला (हार्मोनियमच्या पट्टीला) मिळवलेला. आमच्या भजनी मंडळींचा सूर त्याहून वरचा, पांढरी चार. एवढ्या मोठ्या तोंडाची पुडी तितकी वर चढत नाही हे मला माहीत असायला हवे होते. मंडळात मी नेहमी मंडळाचाच लहान तोंडाचा मृदंग वाजवत असे, पण सप्ताहात तो मुख्य मृदंगाचार्यांकडे होता आणि माझी पाळी दुपारच्या कीर्तनाची. मी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामडी वेणीवर) हातोडी मारत आणि गट्टे (वाद्यांखाली बसवलेले लाकडी ठोकळे) खाली ठोकत अर्धा तास स्वर वर ओढत राहिले. तो वर आलाही, पण दुसऱ्या अभंगाच्या वेळी चाटेजवळ (पुडीच्या कडेच्या पट्टीजवळ) बारीक आवाज होऊन पुडी गजऱ्यालगत दोन बोटे उसवली. उरलेले कीर्तन आचार्यांचा मृदंग मागून घेऊन पार पाडले. साताऱ्यात नवी पुडी बसवून घेतली, त्या कारागिराने वाद्या (पुड्या ताणणाऱ्या चामडी पट्ट्या) काढून लाकडी खोडाच्या कडा दाखवल्या, तेव्हा एका बाजूची कडही खडबडीत असल्याचे दिसले. ती घासून घेतल्यावर आता स्वर पुडीच्या सर्व सोळा घरांवर, म्हणजे कडेभोवती वाद्यांमधल्या जागांवर, सारखा लागतो. ज्यांना बैठक आणि भजन दोन्हीकडे वाजवायचे आहे त्यांनी दोन पखवाज ठेवावेत, यावर माझे मत आता पक्के झाले आहे. चैत्रात मी साडेपाच इंची तोंडाचा दुसरा घेतला.

पुडीपेक्षाही मोठी शिकवण त्या दुपारी मिळाली ती हाताबद्दल. कीर्तनकार बुवा चरणाचा अर्थ सांगू लागले तरी मी खालून हलका ठेका चालूच ठेवला होता, कारण थांबले तर लय तुटेल ही भीती. टाळकऱ्यांत उभ्या असलेल्या एका वृद्ध आबांनी वाकून कानाशी सांगितले, “ताई, बुवा बोलायला लागले की हात काढा पुडीवरनं. चाल उचलतील तेव्हा त्यांच्या श्वासाकडं बघा, तिथनंच उचला.” मी हात मांडीवर ठेवले. पाच-सात मिनिटे बुवा बोलत राहिले, दृष्टान्त झाला, प्रमाण झाले, आणि त्यांनी चाल धरण्यापूर्वी श्वास घेतला तो मला दिसला. त्या श्वासावर पडलेली थाप मी आजवर वाजवलेल्या कोणत्याही थापेपेक्षा नेमकी होती. पुढच्या आठवड्यात गुरुजी ध्रुपद गात असताना मी त्यांच्या श्वासाकडे पाहू लागले. गुरुजींनी त्याबद्दल काही विचारले नाही, पण त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदाच संपूर्ण बंदिशीला साथ करू दिली.

आषाढात माउलींची पालखी नीरेचे स्नान करून आपल्या जिल्ह्यात आली, तेव्हा रजा काढून लोणंदला गेले. चालत वाजवणे ही वेगळीच विद्या आहे. बैठकीत डाव्या हाताचे मनगट मांडीच्या आधाराने तोलले जाते, दिंडीत तो आधार नसतो आणि पट्ट्याचे ओझे मानेवर येते. पहिल्या तासात माझा डावा हात जड झाला आणि खर्ज पोकळ पडू लागला. शेजारच्या मृदंगवाल्या दादांनी पट्टा दोन बोटे वर घ्यायला लावला, त्याने वाद्य पोटाशी टेकले आणि हात सुटला. लय धरण्यासाठी मात्र काही करावे लागत नाही, पाऊलच लय देते. पावसाने पुडी सैल पडत होती, म्हणून प्रत्येक विसाव्याला गजरा ठोकावा लागला.

वाटेत चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले. अश्व दोन रांगांमधून धावून गेल्यावर जो जयघोष आणि टाळ-मृदंगाचा कल्लोळ उठला, त्यात माझा स्वतःचा आवाज मला ऐकू येत नव्हता, तरी हात समेवरच पडत होता. त्या वेळी मला शार्ङ्गदेवाची आठवण झाली. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात लिहिलेल्या संगीतरत्नाकराच्या वाद्याध्यायात त्याने तत, सुषिर, अवनद्ध आणि घन असे वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. दिंडीच्या मधोमध विणेकरी असतो, त्याच्या गळ्यातली वीणा तत; आमचे मृदंग अवनद्ध; टाळ घन; आणि सुषिराची जागा माणसाच्या गळ्याने घेतलेली. विणेकऱ्याने वीणा खाली ठेवायची नसते, आणि तिची तार अखंड छेडली जात असते. बैठकीत तंबोरा जे काम करतो तेच काम ती चालत्या वाटेवर करते. मी मुद्दाम त्यांच्या जवळून चालले आणि तिच्याशी उजवी पुडी मिळवत राहिले.

सध्या रोज सकाळी पंधरा मिनिटे धमाराचा ठेका आहे, 5, 2, 3, 4 असे विभाग टाळी-खालीने हातावर मोजून आणि मगच वाद्यावर. पहिला बोल ‘क’ असा बंद असल्याने समेवर दणक्याने थाप देण्याची चौतालाची सवय मोडावी लागते आहे. दहा आवर्तनांत तीनदा तरी माझ्याकडून समेवर धा पडतोच. लय 44 ठेवली आहे. कार्तिकीपर्यंत ती 50 वर नेणे, गणेश परणीचा उरलेला भाग हातात बसवणे आणि मोठ्या पखवाजाच्या नव्या पुडीची शाई (मधला काळा लेप) पूर्ण मुरेपर्यंत तिच्यावर रेला न वाजवणे, एवढे या हंगामाचे काम आहे. पुढची नोंद कार्तिकी झाल्यावर लिहीन.