राग सिस्टरवरच का निघतो?

शेवटच्या टप्प्यातला रुग्ण डॉक्टरांसमोर गप्प असतो आणि सिस्टरवर खेकसतो. दिवसभर समोर तीच असते ना! आधी दुखणं तपासावं, स्वभाव नंतर. ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे असह्य, यात किती दुखतंय ते विचारा. मॉर्फिन या जोरदार वेदनाशामकाच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण ४ तास टिकतो. डोस लांबला की शिव्या मिळणारच. दर ४ तासांनी १० मिलिग्रॅम चालू असेल, तर मध्येच उठणाऱ्या कळेसाठी तेवढाच जादा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावा. मॉर्फिनने शौचाला खडा होतो, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. चार दिवस कुंथणारा माणूस गोड कसा बोलेल?

त्याहून अवघड नातेवाईक. सिन्नर-निफाडहून नाशिकला आलेला मुलगा दारातच अडवतो, "सिस्टर, आप्पांना कॅन्सरचं कळू देऊ नका." लगेच "हो" म्हणू नये, वादही घालू नये. "मी आपणहून विषय काढणार नाही, पण त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही," एवढंच सांगावं. आप्पांना बहुधा अंदाज असतोच. खुर्ची ओढून बसावं नि विचारावं, "आप्पा, तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?" मग गप्प राहावं, ते बोलेपर्यंत.