आगरवाडा ते अफरवट

गुलमर्गहून येऊन चार दिवस झाले, मांड्या अजून दुखतायत, पण आत्ताच लिहून टाकते, एकदा शिगमो सुरू झाला की मग कोण बसतंय लिहायला.

आमचं घर पेडण्यात, आगरवाड्याला. मिठागरांचा गाव. अख्ख्या गोव्यातला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे सत्तरीतला सोसोगड, तोही 1,200 मीटरच्या आतच, त्यामुळे मी बर्फात स्की करते म्हटलं की गावात लोक अजून विश्वास ठेवत नाहीत. हे माझं तिसरं वर्ष. पहिल्या दोन हिवाळ्यांत गुलमर्गला फक्त स्की शिकले, यंदा ठरवलं की गुलमर्गच्या डोक्यावरचा अफरवट डोंगर स्वतःच्या पायाने चढायचा आणि मग स्कीवर उतरायचा. त्यासाठी नोव्हेंबरपासून दर रविवारी वाघेरी डोंगरावर जात होते, पाठीवर बारा किलो मीठ घेऊन, घरात दुसरं वजन कुठे शोधणार!

मोपा विमानतळावर सोडायला आलेल्या दादाने विचारलंच, "गो, तिथे गोंडोला आहे ना, मग चढायचं कशाला?" आई फक्त "सांबाळून वच" म्हणाली.

दादाचं बरोबर आहे, गोंडोला आहे, तारेवरून वर नेणारा पाळणा. गुलमर्ग साधारण 2,650 मीटरवर, पहिला टप्पा कोंगदूरपर्यंत, दुसरा थेट 3,950 मीटरच्या आसपास नेऊन सोडतो, आणि माथा तिथून अजून वर, 4,200 च्याही पलीकडे. आम्ही पहिला टप्पा घेतला आणि कोंगदूरपासून पुढे चाललो. का ते आता सांगते.

चढताना स्कीच्या तळाला स्किन चिकटवतात, लांब पट्टी असते, एका बाजूला गोंद आणि दुसऱ्या बाजूला आखूड केस. मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं, पुढे सरकवलं की गुळगुळीत, मागे ओढलं की अडतं. बूटाची टाच मोकळी असते, म्हणजे पाऊल उचलायचं नाही, घासत पुढे न्यायचं. शू... शू... असा एकच आवाज चार-साडेचार तास. कोंगदूरपासून माथ्यापर्यंत हवेचा दाब आपल्या गावापेक्षा साधारण तीस ते चाळीस टक्क्यांनी कमी, त्यामुळे पहिला तास मी नुसती श्वास मोजत होते, मग कुठेतरी भूर्जाची झाडं संपली आणि लय सापडली.

काश्मिरी लोक थंडीचे तीन भाग करतात, 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा दिवस चिल्लई बच्चा. आम्ही चढलो ते बच्चाचे दिवस, म्हणजे वर ताजा बर्फ आणि खाली अख्ख्या हिवाळ्याचे थर. वाटेत एका उतारावर आमच्या गाईडने फावडं काढलं आणि दीड मीटर खोल खड्डा खणला. बाजूची भिंत कापून गुळगुळीत केली, तर थर स्पष्ट दिसत होते, भाकरीच्या चवडीसारखे. अगदी तळाशी हात घालून त्याने मूठभर काढून माझ्या हातमोज्यावर ठेवलं. मी बघतच राहिले, जाड, टोकदार, सुटे सुटे दाणे, आमच्या आगरातलं जाडं मीठच! मुठीत दाबलं तरी गोळा होईना, बोटांमधून गळून गेलं.

जमीन शून्याच्या आसपास उबदार असते आणि वरची हवा फार थंड, म्हणून आतली वाफ वर चढत राहते आणि तळाचे कण वाढून असे दाणे होतात, एकमेकांना धरतच नाहीत. वरचा सगळा जड थर त्यावर बसलेला. मग त्याने तीस सेंटिमीटरचा चौकोनी खांब कापला, वर फावडं ठेवलं आणि थापा मारल्या, दहा मनगटातून, मग कोपरातून. कोपरातून तिसऱ्या थापेला अख्खा खांब त्या दाण्यांवरून सरळ घसरून बाहेर आला. "देखो मैडम, आज बड़ा वाला बाउल नहीं," तो म्हणाला.

बाउल म्हणजे वाटीसारखा खोलगट उतार, आम्ही ज्यासाठी आलो होतो तोच होता तो. वाईट वाटलं, खूपच वाटलं. पण हिमस्खलन बहुतेक तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर होतं आणि तो बाउल नेमका तेवढाच. प्रत्येकाच्या छातीवर बीकन होता, म्हणजे गाडलेला माणूस कुठे आहे ते सांगणारं रेडिओ यंत्र, पाठीवर फावडं आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून बघायची लांब सळी, तरी गाडलेल्या माणसाला पंधरा-एक मिनिटांत बाहेर काढलं तरच खरी आशा असते, आणि हे शोधायला चौघंच जण. गोंडोलाने वर गेले असते तर ते दाणे माझ्या हातात आलेच नसते. दादा, म्हणून चढायचं.

माथ्यावर दुपारी पोचलो. उत्तरेला नंगा पर्बत उघडा होता, 8,126 मीटर, पांढरा आणि इतका रुंद की आधी मला ढगच वाटला. मी रडले, सांगायला लाज नाही. मग स्किन सोलून काढल्या, गोंद इतका धरलेला की दोन्ही हातांनी ओढावं लागलं आणि थंडीने बोटं बधिर.

उतरायला धारेची सौम्य बाजू घेतली. एकेक जण, एक सुरक्षित जागा गाठली की मगच दुसऱ्याने निघायचं. पहिली वळणं वाऱ्याने कडक झालेल्या बर्फावर, दात वाजतील अशी, आणि मग सावलीच्या अंगाला गुडघाभर मऊ पावडर, तिथे मी काहीच केलं नाही, स्कीच वळत होत्या, बर्फ छातीपर्यंत उडत होता आणि कानात फक्त वारा. साडेचार तासांची चढण वीस-पंचवीस मिनिटांत खाली आली.

संध्याकाळी नून चाय, म्हणजे काश्मिरी मिठाचा चहा, पीत घरी फोन लावला. आई आगरात होती, म्हणाली यंदाचं पहिलं मीठ काढलं आज. मी म्हटलं, थोडं राखून ठेव, मला हातात घेऊन बघायचंय.