पवन मावळ ग्रॅव्हल लूप : मागच्या चाकाची हवा नेमकी कुठून जात होती

मंडळी, सायकलच्या मागच्या चाकातली हवा रात्रभरात आपोआप उतरायची, ते कोडं सुटलं. टायर निर्दोष, सीलंट (टायरमधली छिद्रं आतून बुजवणारं द्रव) निर्दोष, व्हॉल्व्हही निर्दोष. हवा जात होती रिमच्या सांध्यातून. मागच्या नोंदीत दुधिवरे खिंड ते भाजे हा टप्पा पूर्ण करून कामशेत ते मळवली हा कच्च्या वाटांवरचा सायकलचा लूप जाहीर करायचा बेत होता, पण चाकात हवाच टिकत नसेल तर गायमुख खिंडीच्या उतारावर जायचं कशाच्या जोरावर? म्हणून आजची बहुतेक जागा या एका चाकालाच.

जोडणी तीच आहे : ७०० × ४० चा (४० मिमी रुंदीचा) ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला टायर, आतून २३ मिमी रुंदीची अल्युमिनियमची रिम, २८ स्पोक, स्पोकच्या भोकांतून हवा जाऊ नये म्हणून रिमवर आतून २५ मिमी टेपचे दोन वेढे, ६० मिली सीलंट. सत्तरेक किलोच्या स्वारासाठी हवेचा दाब मागे ३३ पीएसआय आणि पुढे ३०. रात्री ३३ भरलेली हवा सकाळी वीसच्या खाली. चाक फिरतं तोवर बरी टिकायची, सायकल उभी राहिली की पुन्हा उतरायची. लूपवर याचा अर्थ असा की बेडसे लेणी बघून खाली यावं तर मागचा टायर मऊ, आणि पुढच्या खडीवर वळताना मागचं चाक डुलायला लागतं. अशा टायरवर एखादा धारदार काळा दगड आला की तो थेट रिमच्या कडेवर आदळतो.

पाण्याच्या टबात चाक फिरवलं की बुडबुडे व्हॉल्व्हच्या नटापाशी दिसत. इथे जवळजवळ प्रत्येक सायकलवाला व्हॉल्व्ह बदलायला सांगतो. बदलला. शंकूच्या बुडाचा काढून चौकोनी बुडाचा लावला, फरक शून्य. कारण नीट समजून घ्या, पुढे तुमचेही पैसे वाचतील. टेपखालून हवा कुठूनही शिरली तरी ती आधी रिमच्या पोकळीत भरते. त्या पोकळीतून बाहेर पडायची सगळ्यात मोठी वाट म्हणजे व्हॉल्व्हचं भोक, त्याखालोखाल स्पोक रिमला जोडणारी निपलं. तेव्हा व्हॉल्व्हपाशी किंवा निपलपाशी बुडबुडे दिसले तर एवढंच कळतं की हवा पोकळीत पोचली आहे. ती शिरली कुठून, हे ते बुडबुडे सांगत नाहीत.

मग टेप तपासली. स्पोकच्या भोकांवर कुठे खोलगट झालेली नाही, टायर लिव्हरचा ओरखडा नाही, कडा सुटलेली नाही. सीलंट ६० चं ९० मिली केलं. थोडे दिवस बरे गेले आणि परत तेच. खरा धागा मिळाला तो साबणाच्या पाण्याने. टबात चाकाचा एक भागच पाण्याखाली असतो आणि व्हॉल्व्हचे मोठे बुडबुडे बाकीचं सगळं झाकून टाकतात. त्याऐवजी भांड्यांच्या साबणाचं दाट पाणी ब्रशने पूर्ण रिमला लावलं आणि चाक आडवं ठेवून दिलं. व्हॉल्व्हच्या बरोबर समोर, रिमच्या बाजूच्या भिंतीवर, उभ्या केसासारख्या रेषेत बारीक फेस आला. मोहरीएवढेही नाहीत असे बुडबुडे, एका ओळीत. तो रिमचा सांधा.

स्वस्त आणि मधल्या किमतीच्या बऱ्याच अल्युमिनियम रिमांची दोन टोकं वेल्ड केलेली नसतात. आत पिन किंवा स्लीव्ह ठोकून ती जोडतात, आणि हा सांधा व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला येतो. ट्यूब असेल तर त्याने काही बिघडत नाही. ट्यूबलेसमध्ये टायरची कड, म्हणजे बीड, ज्या पट्टीवर बसते तिथे सांध्याची फट उघडी राहिली तर हवा सरळ आत. २३ मिमी आतल्या रुंदीला २५ मिमी टेप कागदावर पुरेशी वाटते, पण मधल्या खोलगट भागात उतरून वर चढताना दोन-तीन मिमी तिथेच खर्च होतात. मग एका बाजूची बीडची पट्टी उघडी राहते. आमच्या चाकात ती बाजू डिस्क ब्रेककडची निघाली. सीलंट इथे टिकत नाही, कारण बीड घट्ट बसल्यावर त्या फटीपर्यंत ते थेंबभरच पोचतं, आणि वाळून थर धरला तरी खडीवर रिम लवली की तो तडकतो.

उपाय असा केला. टायर आणि टेप काढून रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. जुन्या टेपचा चिकट थर राहिला तर नवी टेप तिथेच सुटते, म्हणून बोट फिरवून कोरडी लागेपर्यंत पुसायचं. सांध्यावर बारीक धार होती, ती ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली. मग फटीत पातळ फेविक्विकचा थेंब, आतून आणि दोन्ही बीडच्या पट्ट्यांवर. पातळच हवं, जेल फटीत शिरत नाही. पूर्ण वाळल्यावर उंचवटा परत घासून सपाट. नंतर २७ मिमी टेप, भिंतीपासून भिंतीपर्यंत. सुरुवात व्हॉल्व्हच्या भोकापासून वीतभर अलीकडे करायची, टेप जोरात ताणत न्यायची आणि भोक ओलांडून वीतभर पुढे संपवायची. म्हणजे व्हॉल्व्हपाशी दुहेरी थर मिळतो. भोक कटरने कापू नका, चीर पुढे पळते. तापवलेला दाभण लावला की कडा वितळून गोल भोक पडतं. त्यानंतर रात्रभर आत ट्यूब घालून टायर ४५ पीएसआयवर ठेवला, त्याने टेप खोलगट भागात दाबून बसते. हे पाऊल वगळणाऱ्यांची टेप पुढच्या उन्हाळ्यात उठते.

सकाळी ट्यूब काढताना टायरची एकच बाजू उघडायची. व्हॉल्व्हचा नट हातानेच आवळायचा, पक्कड नको, नाहीतर रस्त्यात ट्यूब टाकायची वेळ आली की तो निघत नाही. व्हॉल्व्ह कोअर, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतला सुटा भाग, काढून हवा मारली तर साध्या उभ्या पंपानेही बीड बसते. दोन ठणठणीत आवाज आले की झालं. आता रात्रभरात फार तर दीड-दोन पीएसआय उतरतात, आणि ट्यूबलेसमध्ये एवढं चालतंच.

खरेदीबद्दल दोन शब्द. सायकलच्या ब्रँडच्या नावाने येणाऱ्या टेपचा छोटा रोल घेण्यापेक्षा टेसा ४२८९ ही पॅकिंगची पट्टी टेप घ्या. ट्यूबलेससाठी ती जगभर वापरली जाते आणि एका रोलमध्ये बऱ्याच रिमा होतात. सीलंटच्या बाटलीवरची उत्पादनाची तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑनलाइन विकत घेतलेल्या एका बाटलीत तळाशी रबराचा गोळा होऊन बसला होता. हलवल्यावर आतले कण मोकळे वाजले पाहिजेत. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये सीलंट भराभर सुकतं, म्हणून उन्हाळ्यात दर महिन्याला कोअर काढून काडी घालून पातळी बघा. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्या तर या चाकांत नकोच. त्यांतल्या वायूच्या थंडीने लॅटेक्सच्या सीलंटच्या गाठी होतात. हातपंपच बरा.

आता लूपकडे. सध्याचा क्रम : कामशेत, करुंज-बेडसे, पवनानगर, पवना धरणाचा उत्तर काठ, दुधिवरे खिंड, लोहगडवाडी, गायमुख खिंड, भाजे, मळवली. काठावरचा टप्पा मार्चनंतर बदलतो. पाणी ओसरलं की उघडा पडलेला गाळ वाळून तडकतो, आणि भेगा सायकलच्या दिशेने असल्या तर ४० चा टायर आत धरला जातो. काठाला समांतर न जाता थोडं वर, मुरमाच्या पट्ट्यावर चाक ठेवा. दुधिवऱ्याचा चढ पुढच्या ४० दाती चेनरिंगवर आणि मागच्या ४२ दाती चक्रीवर जड जातो. मिनिटाला ६० पायडल मारत राहायला ताशी साडेसात किलोमीटर वेग टिकवावा लागतो, आणि सुट्या खडीवर तो टिकत नाही. ३६ ची रिंग लावली की तेच पायडल पावणेसातवर चालतं. रिंग बदलली की साखळीची एक आतली आणि एक बाहेरची कडी कमी करायला विसरू नका. खिंडीनंतर झाडी दाट होते. करवंदाच्या जाळ्या वाटेवर आलेल्या असतात आणि त्यांचे काटे टायरच्या बाजूच्या भिंतीत घुसतात. तिथे छिद्रात खुपसायचा प्लग धरत नाही, आतून लावायचा बूट, म्हणजे आधाराचा तुकडा, सोबत हवाच.

गायमुख खिंड म्हणजे लोहगड आणि विसापूर यांच्या मधली खाच. एका हाताला १०३३ मीटरचा लोहगड, दुसऱ्या हाताला १०८४ मीटरचा विसापूर. १६६५ च्या पुरंदरच्या तहात हे दोन्ही, शिवाय समोरचे तुंग-तिकोना, मोगलांकडे गेले होते. पवन मावळाची नाकेबंदी म्हणजे काय हे सायकलवरून जितकं कळतं तितकं गाडीतून कळत नाही, कारण प्रत्येक चढ यांपैकी कोणत्या ना कोणत्या किल्ल्याच्या नजरेत येतो. लोहगड जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक. सायकल लोहगडवाडीत ठेवूनच वर जायचं. पावसाळ्यातले शनिवार-रविवार टाळा, पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते.

चाक दुरुस्त होईपर्यंत विचार असा होता की लूप उलटा करायचा. भाजे ते गायमुख हा सुट्या दगडांचा टप्पा उताराऐवजी चढाचा झाला की रिम वाचते, फार तर सायकल ढकलावी लागेल. पण लेण्यांचा हिशेब मांडला आणि बेत बदलला. बेडसे पूर्वाभिमुख आहे. चैत्यगृहासमोर कातळाचा मोठा भाग न फोडता ठेवलेला, त्यामधल्या अरुंद वाटेने आत गेलं की उंच खांबांवर हत्ती, घोडे, बैल आणि त्यांवर बसलेली जोडपी. सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांचे दागिनेसुद्धा सुटे दिसतात, दुपारी सगळं सपाट. शेजारचा विहारही चैत्यासारखा मागे अर्धगोल आणि कमानी छताचा, असा विहार क्वचितच दिसतो. भाजे उलट पश्चिमाभिमुख. तिथे दुपारनंतर ऊन आत येतं आणि छताच्या मूळ लाकडी फासळ्या उजळतात. म्हणजे सकाळी बेडसे, दुपारी भाजे हाच क्रम योग्य. मावळतीच्या आत तिकीट काढून आत जाता येईल इतका वेळ मात्र हाताशी ठेवा.

मग उतारासाठी टायरच बदलावा लागणार. ४५ चा टायर मागे बसतो का ते मोजलं. चेनस्टेमधली, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेमच्या नळ्यांमधली जागा ५२ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना साडेतीन. मुरमाचा एक खडा अडकला की फ्रेमचा रंग गेलाच, आणि पावसाळ्यात तर चिखलाने चाक जाम होईल. म्हणून पुढे ४५ आणि मागे ४० मध्येच फोमचा इन्सर्ट, म्हणजे टायरच्या आत बसणारी, रिम वाचवणारी पट्टी. इन्सर्ट सीलंट पितो, त्यामुळे मागे ९० मिली लागेल, आणि व्हॉल्व्ह बुडाशी आडवी भोकं असलेला हवा, नाहीतर फोम त्याचं तोंड बंद करतो. हे जमलं की खिंडीत थांबून मागे तीन पीएसआय वाढवायचे आणि उतरायचं.

दक्षिण काठ, म्हणजे तिकोना पेठ, जवण, तुंगवाडी आणि घुसळखांबवरून लोणावळा, हा सुटा दुसरा लूप करावा असं आता वाटतंय. एकाच दिवसात दोन्ही काठ ओढले तर एकही लेणं धड बघून होत नाही. इन्सर्ट मागवला आहे. तो बसला की आधी बेडसे-पवनानगरच्या खडीवर २८, ३० आणि ३३ पीएसआय लावून बघणार, आकडे इथेच देतो. कुणाकडे पिनच्या सांध्याच्या रिमवर इन्सर्ट असेल तर बीड बसवायला कॉम्प्रेसर लागला का तेवढं कळवा.