कार्ब्युरेटर उघडायच्या आधी पंपाची टिकटिक ऐका

जुनी एमजीबी (१९६२ ते ८० वाली ब्रिटिश स्पोर्ट्स कार) वेगात असताना गचके द्यायला लागली की बहुतेकांचा हात आधी कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) स्क्रूवर जातो आणि मला ते अजिबात पटत नाही. नीट सेट केलेले एसयू कंपनीचे कार्ब एका रात्रीत बिघडत नाहीत हो, गाळ साठतो तो टाकीत आणि मागून पुढे येणाऱ्या लाइनमध्ये, त्यामुळे सुरुवात मागूनच करा.

आधी एवढं ठरवा की प्रॉब्लेम नक्की पेट्रोलचाच आहे ना. इग्निशन गेलं तर इंजिन बहुतेक वेळा खटकन बंद होतं, पेट्रोल कमी पडलं तर आधी पॉवर उतरते, गचके बसतात आणि मग बंद पडतं. अशा वेळी चोक (मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारा खटका) थोडा ओढून गाडी सुधारली तर मिक्श्चर लीन होतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, हे जवळपास नक्की.

आता चावी फिरवा, इंजिन चालू करू नका, नुसतं ऐका. मागच्या ॲक्सलपाशी बसवलेला एसयूचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप भराभर टिकटिकतो आणि फ्लोट चेंबर (कार्बमधल्या पेट्रोल साठवायच्या छोट्या वाट्या) भरले की थांबतो. थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे, किंवा टाकी ते पंप या भागात हवा खेचली जातेय, किंवा त्या चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये आणि कार्बमधून पेट्रोल ओघळतंय. आवाजच नाही आणि पंपावर हलकी टिचकी मारली की चालू होतो, तर त्याचे पॉइंट्स (आतले करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) जळालेत. पण पॉइंट्स घासायच्या आधी अर्थची वायर बघा प्लीज, गंजलेल्या अर्थमुळे चांगले पंप फेकले जातात याचं मला फार वाईट वाटतं.

माझ्या गाडीला भलताच त्रास होता, वीसेक मिनिटं मस्त पळायची, मग मरायची आणि दहा मिनिटं उभी केली की परत काही झालंच नाही अशी चालायची. टाकीचं झाकण सैल करून चालवली, फरक नाही, म्हणजे व्हेंट (टाकीत हवा आत येण्याची वाट) ठीक. मग इंजिन थंड असताना कार्बजवळची होज (पेट्रोलची रबरी नळी) काढून पत्र्याच्या डब्यात सोडली, शेजारी फायर एक्स्टिंग्विशर ठेवून. इथे घाई करू नका, कारण पहिली काही सेकंदं धार जोरदार होती, मिनिटभर थांबलो तेव्हा ती बारीक होत होत नुसते थेंब उरले. टाकीतला गंज पिकअपच्या (टाकीतून पेट्रोल खेचणाऱ्या नळीच्या) जाळीवर हळूहळू ओढला जात होता आणि पंप बंद झाला की खाली बसत होता, मग कार्बला कितीही ट्यून केलं असतं तरी काय उपयोग?

टाकी उतरवून साफ केली. होजसुद्धा सगळ्या बदलल्या, जुनी एक कापून बघितली तर बाहेरून धडधाकट आणि आतून चिकट, बोटाला काळं लागत होतं. इथेनॉलवालं पेट्रोल जुनं रबर असं आतून खातं आणि तेच कण पुढे नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकतात, म्हणून नवीन घेताना इथेनॉल चालणारी, म्हणजे आर९ (R9) हा दर्जा लिहिलेलीच होज घ्या. आता तीच टेस्ट केली की धार शेवटपर्यंत एकसारखी येते, आणि कार्बच्या स्क्रूला मी अजून हात लावलेला नाही.