केसतूड, सेफ्टी पिन आणि माझी डावी पोटरी

वॅक्सिंग करून आठ-दहा दिवस झाले की माझ्या डाव्या पोटरीवर हमखास एक-दोन लाल पुटकुळ्या यायच्या, हात फिरवला की टोचायच्या, आणि पाय खिडकीच्या उजेडात धरला की कातडीखाली तो काळा केस वेटोळं घालून बसलेला चक्क दिसायचा. इतका स्पष्ट दिसतोय म्हटल्यावर हात शिवशिवतातच. मग सेफ्टी पिन गॅसवर तापवायची, प्लकर घ्यायचा आणि बाथरूमच्या स्टुलावर बसून कोरायला सुरुवात. आधी थोडी लस यायची, मग रक्त, मग एकदाचा तो केस सुटायचा, चांगला बोटाच्या पेराएवढा लांब निघायचा आणि इतकं बरं वाटायचं की काय सांगू. जवळजवळ दोन वर्षं मी हे करत होते. केस सगळे निघाले, पण त्यांच्या जागी तपकिरी-काळे डाग राहिले, ते अजून आहेत.

आई याला केसतूड म्हणते. इंटरनेटवर इनग्रोन हेअर म्हणून वाचत होते तेव्हा हे तेच आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. केस तुटला की केसतूड होतं, इतकं सरळ नाव आहे. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा त्यांनीही जवळपास हेच समजावलं. वॅक्सची पट्टी कातडीला समांतर, चपट ओढायची असते आणि दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची असते, पट्टी वरच्या दिशेला खेचली की केस मुळासकट न येता आतच तुटतो, नवीन केस उगवताना वर मेलेल्या कातडीने तोंड बंद झालेलं असतं, मग तो आडवा वाढतो आणि शरीर त्याला काटा रुतल्यासारखं वागवतं. सूज, लाली, कधी पू. कुरळ्या, जाड केसांना हे जास्त होतं. माझ्या भावाला गळ्यावर होतं कारण तो रोज उलटी दाढी करतो, तिथे कापलेल्या केसाचं टोक धारदार होतं आणि वळून परत कातडीत घुसतं.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, मेडिकलमधून कुठली ट्यूब आणून लावली का? लावली होती. खाज दोन दिवसांत थांबली म्हणून मी खूश होते, आणि त्यात स्टेरॉइड होतं. अशी क्रीमं मनाने लावत राहिलं की कातडी पातळ होते, आणि मी ती महिनाभर लावली होती. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं म्हणून इथे लिहितेय, ट्यूबवरचं नाव वाचा आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय लावू नका.

उपाय म्हणाल तर अगदी साधे निघाले. आधी वॅक्सिंग, शेविंग, प्लकिंग सगळं बंद, निदान महिनाभर. मला ते फार जड गेलं, लग्नसराई होती आणि मी पूर्ण उन्हाळा पायघोळ ड्रेस घालून काढला. रोज गरम पाण्यात फडकं पिळून दहा-पंधरा मिनिटं शेक, दिवसातून तीन-चारदा जमलं तर उत्तम. आजी पूर्वी कणीक-हळदीचं गरम पोटीस बांधायची, त्यातला शेकाचा भाग खराच कामाचा होता. (शेजारच्या काकूंनी चुना लावायला सांगितला होता, तो मात्र अजिबात नको, चुन्याने कातडी भाजते.) एक दिवसाआड २ टक्के सॅलिसिलिक अॅसिडचं लोशन, त्याने वरची मेलेली कातडी सुटते. रात्री डॉक्टरांनी दिलेलं अॅडापलीन नावाचं लावायचं औषध, वाटाण्याएवढं, आणि हे प्रेग्नन्सीत चालत नाही, त्यामुळे ते मनाने आणू नका. अॅसिड लावून लगेच घासायचं नाही, मी उत्साहात स्क्रबही केलं आणि चार दिवस पाय जळजळत होता. वर साधं मॉइश्चरायझर, घट्ट लेगिंग नाही, आणि डाग उन्हात अजून गडद होतात म्हणून पायालाही सनस्क्रीन.

केसाचा वेढा कातडीच्या वर आलेला दिसला तरच स्वच्छ सुईने तो हलकेच उचलून मोकळा करायचा, उपटायचा नाही. उपटला की तोच केस पुन्हा आत उगवू शकतो, माझा त्याच एका जागी तीनदा उगवला. गाठ मोठी होत असेल, पू भरला, ताप आला किंवा लाली पसरत चालली तर घरी काही न करता डॉक्टर गाठा. डायबेटिस असेल तर अजिबात थांबू नका.

कायमचं हवं असेल तर लेझर आहे, त्यात केसच विरळ होतात म्हणून त्रास कमी होतो, पण आपल्या सावळ्या कातडीला कुठलं मशीन चालेल हे कळणाऱ्या डॉक्टरकडेच करा, नाहीतर भाजून नवे डाग पडतात. बरेच सेशन लागतात आणि खर्च बराच आहे, मी अजून केलेलं नाही.

मागच्या महिन्यात मावसबहिणीचा मेसेज आला, काखेत केसतूड झालंय, पिन तापवून ठेवलीय, काय करू. म्हटलं पिन आधी डब्यात ठेव. रोज संध्याकाळी ती फोटो पाठवायची, सहाव्या दिवशी केसाचं टोक आपोआप वर आलं, आणि डाग पडला नाही.