‘विषय व्यापक आहे’

एम.ए.ची पहिली तीन सत्रं कशी गेली ते मला धड आठवतही नाही. संसदीय पद्धत, अध्यक्षीय पद्धत, संघराज्य, निवडणूक पद्धती. पेपर लिहिले, पास झाले. आठवतो तो लघुप्रबंधाच्या आराखड्यावरचा लाल पेनातला शेरा : ‘विषय व्यापक आहे. फेरविचार व्हावा.’ माझी तीन पानं आणि त्यावर त्यांचे पाच शब्द.

माझा विषय होता अविश्वास ठराव. भारत, ब्रिटन, जर्मनी आणि स्पेन. व्यापक होताच, आता कबूल करते. पण यातलं नक्की काय गाळायचं? मार्गदर्शक सर म्हणाले, “समितीला विचार.” ऑफिसमध्ये विचारलं तर उत्तर आलं, “समिती बसली की कळेल.”

समिती काही बसेना. पाच सदस्य, त्यातले तिघं हजर असल्याशिवाय बैठक नाही. पहिल्या तारखेला दोघं आले. दुसऱ्या तारखेला तिसरे सर आले खरे, पण तोवर आधीच्या दोघांतले एक तासाला निघून गेले होते. मी बाहेरच्या बाकावर बसून हिशेब करत होते. लोकसभेची गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे ५४३ जागांच्या सभागृहात ५५ सदस्य. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सचं कामकाज तर तीन सदस्यांवर चालू शकतं. आमच्या समितीला तरी कुठे जास्त लागत होते!

दीड महिन्याने एकदाची बैठक झाली. मी शहाणपणा करून परदेश सगळे गाळले होते, फक्त भारत ठेवला होता. शेरा आला : ‘तुलनात्मक मांडणी नाही.’ त्या दिवशी मी ग्रंथालयात जाऊन नुसती बसून राहिले. राग इतका आला होता की समोर उघडलेलं पान चार वेळा वाचूनही डोक्यात शिरेना.

ते पान नेमकं वायमार जर्मनीवरचं, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मन प्रजासत्ताकावरचं होतं. १९१९च्या त्या राज्यघटनेच्या कलम ५४ प्रमाणे राइशस्टाग, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, चान्सलरला, म्हणजे सरकारच्या प्रमुखाला घालवू शकत असे, त्याच्या जागी कोण हे सांगायची सक्ती नव्हती. परस्परांचं तोंड न पाहणारे पक्ष ‘हा नको’ म्हणायला तेवढे एकत्र येत. सप्टेंबर १९३२मध्ये चान्सलर पापेन यांच्या सरकारविरुद्ध ५१२ मतं पडली, बाजूने ४२. म्हणून १९४९च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे जर्मनीच्या नव्या राज्यघटनेत, कलम ६७ आलं : आधी नवा चान्सलर बहुमताने निवडा, मगच जुना जाईल. १९७२मध्ये चान्सलर ब्रांट यांना हटवायचा प्रयत्न दोन मतांनी फसला, १ ऑक्टोबर १९८२ला मात्र श्मिट गेले आणि त्याच मतदानाने कोल आले. आपल्याकडे १९९९मध्ये वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावावर २६९ विरुद्ध २७० असं एका मताने पडलं, पर्यायी सरकार कोणालाच जमेना, आणि शेवटी निवडणूक झाली.

आमची समिती वायमारची होती, एवढंच. ‘नको’ला बहुमत, ‘मग काय’ला कोणीच नाही.

मग मी कलम ६७ स्वतःच लागू केलं. तीन आराखडे केले, एकेक पानाचे, आणि वर अर्ज जोडला : ‘यांपैकी एक निवडावा ही विनंती.’ पुढच्या बैठकीत दहा मिनिटांत मंजुरी. भारत आणि जर्मनी, १९९९ आणि १९८२. त्यामुळे माझं एवढंच म्हणणं आहे, ‘काय बदलू?’ असं विचारायला जाऊ नका, बदललेलंच घेऊन जा. लिहायला मला सहा आठवडे उरले होते, त्याचा राग अजून गेलेला नाही.

हो, आणि अविश्वास ठराव आपल्या राज्यघटनेत शोधत बसू नका, मी दोन दिवस घालवले. तिथे मंत्रिमंडळाची सामूहिक जबाबदारी सापडते, कलम ७५(३). ठरावाची रीत लोकसभेच्या कार्यपद्धतीच्या नियम १९८ मध्ये आहे, आणि तो दाखल व्हायला ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो. गाइडच्या आधी मूळ कलमं आणि नियम वाचले असते तर हे पहिल्याच सत्रात कळलं असतं.

पोच घ्यायचं सांगायचं राहिलंच. माझा पहिला अर्ज ऑफिसमध्ये आजतागायत सापडलेला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळला, मान हलवली आणि पहिलाच प्रश्न टाकला, “स्पेन का नाही घेतलं? २०१८मध्ये तिथे असाच ठराव मंजूर होऊन पंतप्रधान राहॉय गेले, सांचेझ आले.” लाल शेऱ्याचा कागद माझ्या फाइलमध्ये होता. मी हात घातलाही होता, पण सरांनी डोळ्यांनीच थांबवलं.